सदाफुलीचं मादागास्करी नाव

दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. किती सुगंधी आयुष्य असेल हो तुमचं." मी हो म्हटलं आणि फोन ठेवून हात धुवायला गेलो, कारण त्या वेळी मी शेणखत चाळत होतो. लोणावळ्यात वलवणच्या पुढे, जुन्या हायवेला लागून माझी नर्सरी आहे. पावसाळ्यात तिला कुजक्या पाल्याचा वास येतो, उन्हाळ्यात शेणखताचा, आणि बारा महिने डिझेलचा. सुगंध असतो तो गिऱ्हाईक घेऊन जातं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्सरीवाला झाडं वाढवतो. झाडं आपली आपण वाढतात. नर्सरीवाला त्यांना वेळोवेळी अडवतो. रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा खुडायचा. शेंडा गेला की ते उंच व्हायचं सोडून बाजूंनी फुटतं, गुटगुटीत दिसतं, फुलांनी भरतं आणि विकलं जातं. वरवर क्रूर वाटतं, पण आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी आयुष्यभर हेच केलं आणि त्यांना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला.

माझ्याकडे हे खुडण्याचं काम गेली अठरा वर्षं हौसामावशी करतात. जवळच्या शिलाटणे गावच्या. वय साठीच्या पुढे, लिहिता-वाचता येत नाही, पण बोटं अशी की गप्पा मारता मारता शंभर रोपांचे शेंडे अंगठा आणि तर्जनी यांच्यात टिपून टोपलीत टाकतील आणि एकाही पानाला धक्का लागणार नाही. त्या मला दादा म्हणतात आणि कामाच्या बाबतीत माझं काहीही ऐकत नाहीत. हा लेख खरं म्हणजे त्यांच्याबद्दल आणि मी त्यांचं जे केलं त्याबद्दल आहे. ते सांगायला मला सदाफुलीपासून सुरुवात करावी लागेल.

लोणावळा-खंडाळ्याचे बंगलेवाले देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून आलेले. सुरुवातीच्या वर्षांत एक गुजराती बाई माझ्याशी अर्धा तास घासाघीस करत होत्या. सदाफुली त्यांना फालतू वाटत होती. इतक्यात त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, "बेन, आ तो बारमासी." बाईंचा चेहरा एकदम बदलला. माहेरच्या अंगणात होती म्हणाल्या आणि वीस रोपं घेऊन गेल्या. त्या दिवशी मला धंद्याची किल्ली सापडली. फुलाचं नाव गिऱ्हाइकाच्या आईच्या भाषेत सांगितलं की गिऱ्हाईक वाद घालत नाही.

मग मी वही केली. ड्रायव्हर, आचारी, नर्सबाई, वॉचमन, जो भेटेल त्याला विचारायचं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात? आणि का?" पत्र्याच्या छोट्या पाट्यांवर ऑइलपेंटने नावं लिहून कुंड्यांच्या रांगेत खोचायची. सदाफुलीच्या पाटीइतकी भरगच्च पाटी दुसरी नव्हती. आपण सदाफुली म्हणतो, सदा फुलते म्हणून. हिंदीत सदाबहार. म्हणजे तेच, जरा शेरोशायरी करून. बंगालीत नयनतारा, डोळ्यातला तारा, फुलाच्या मधल्या ठिपक्यामुळे. एका बंगाली साहेबांना मी मोठ्या उत्साहाने हे नाव सांगितलं, तर ते पुढच्या रांगेकडे वळले आणि त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "दुसरं काहीतरी दाखवा. यांच्या ऑफिसात होती एक." तेलुगूत बिळ्ळगन्नेरु, बिल्ल्यासारखी गोल कण्हेर. शास्त्रज्ञांनी ग्रीकमधून नाव दिलं, त्याचा अर्थ शुद्ध फूल. नर्सरीवाले मात्र तिला अजून विंका म्हणतात. शास्त्रज्ञांनी तिला त्या घराण्यातून कधीच बाहेर काढलं, पण आम्हाला कुणी कळवलं नाही.

या विंकाचा एक फायदा मी घेतला आहे, तो कबूल करून टाकतो. खंडाळ्याच्या एका हॉटेलचे मॅनेजर सदाफुली बघून म्हणाले, "हे तर गटाराकडेला उगवतं. मला फॉरेनचं काहीतरी पाहिजे." मी त्यांना चहा दिला, शेडच्या मागून फिरवून आणलं आणि त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभं करून म्हणालो, "ही विंका." दोनशे गेली. आजही त्या हॉटेलच्या दारात फॉरेनची सदाफुली आहे.

तुंगार्लीच्या एका तमिळ मामींना मी तिचं तमिळ नाव सांगितलं, नित्यकल्याणी. नेहमी मंगल करणारी. मामी खूश. पोर्चपासून जिन्यापर्यंत कुंड्या लावून झाल्या. वरच्या मजल्यावर त्यांचे यजमान सहा वर्षं अंथरुणाला खिळलेले होते आणि त्यांच्या सेवेला केरळची एक नर्स होती. ती खाली आली, कुंड्या पाहिल्या आणि म्हणाली, "शवंनारी इथं कशाला?" त्याचा अर्थ प्रेताचा वास येणारी. केरळात ही दफनभूमीत आपोआप उगवते. वर तमिळमध्येही हिचं एक दुसरं नाव आहे, स्मशानातली मोगरी, जे मामींना माहीत होतं आणि मला नव्हतं. मी कुंड्या परत उचलायला लागलो तर मामी म्हणाल्या, "राहू दे. ते सहा वर्षं जातो जातो म्हणतायत. फुलाने काय फरक पडणार?"

हे सगळं मी परत येऊन हौसामावशींना सांगायचो. त्यांना फार आवडायचं. "प्रेताचा वास?" त्यांनी एक फूल चुरगाळून हुंगलं. "जित्याचा वास न्हाई येत ह्याला, मेल्याचा कुटनं येतोय." पौर्णिमेला त्या यातलीच पांढरी फुलं रुमालात बांधून विहारात वंदनेला न्यायच्या. गिऱ्हाइकांनी विचारलं, देवाला चालतात का, तर म्हणायच्या, "आमच्यात द्येव न्हाई. बुद्धाला चालत्यात. त्यो काय बोलत न्हाई." वहीतली निम्मी मावळी नावं त्यांचीच. सदाफुलीला त्यांच्याकडे नवरीची टिकली म्हणतात, असं त्यांनी सांगितलं आणि मी ते पहिल्या ओळीत लिहिलं.

आता पावसाचं सांगतो, कारण सदाफुली खपण्यात त्याचा हात आहे. या झाडाला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही आणि लोणावळ्यात चार महिने दुसरं काही चालत नाही. आषाढात रोपं बुडातून काळी पडून माना टाकतात. नावात सदा आहे, पण ते नाव लोणावळ्याला कुणी वाचून दाखवलेलं नाही. मी ऑक्टोबरात रोपं विकायचो, जुलैत ती मरायची, पुन्हा ऑक्टोबरात तेच गिऱ्हाईक यायचं. "गेल्या वर्षीची गेली हो." मी चेहरा पाडून म्हणायचो, "नजर लागली असेल."

पण टाळेबंदीनंतर लोक फूल विचारायचे बंद झाले. जो येईल तो औषध मागायचा. गुळवेल आहे का, अडुळसा आहे का. हायवेच्या धुरळ्यात उभं राहून सगळ्यांना प्रतिकारशक्ती हवी होती. सदाफुलीच्या पाचशे पिशव्या पडून होत्या. मी फोनवर वाचलं होतं की या झाडापासून कर्करोगाची औषधं निघतात, आणि गावोगाव लोक मधुमेहावर तिचा पाला खातात. पहिलं खरं आहे, पण ती औषधं कारखान्यात, मोजून-मापून होतात. दुसरं लोक करतात एवढंच खरं. मला पाटीवर यापेक्षा वजनदार काहीतरी हवं होतं.

हे झाड मूळचं मादागास्कर बेटावरचं. तिथल्या भाषेतलं नाव माझ्याकडे नव्हतं. मी विचार केला, मादागास्करचं गिऱ्हाईक काही लोणावळ्याला यायचं नाही. समोर कीटकनाशकाची रिकामी बाटली होती, तिच्यावरची अक्षरं उलटसुलट लावली आणि पाटीच्या शेवटच्या ओळीत लिहिलं: "मादागास्कर: लोमाकीरा. अर्थ: रक्तातली साखर उतरवणारी."

बरं, नुसतं लिहून थांबलो नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती पाटी मोठ्याने वाचून दाखवायचो. नयनतारापासून सुरुवात करून लोमाकीराशी आवाज जरा खाली आणायचा, गुपित सांगतोय असा. पाचशे पिशव्या महिन्याभरात गेल्या. पुढच्या वर्षी हजार केल्या. आणि चार पावलांवर बसून शेंडे खुडत हौसामावशी ते रोज ऐकत होत्या.

मावशींना मधुमेह आहे, हे मला माहीत होतं. गावातल्या सरकारी दवाखान्यातून त्या गोळ्या आणायच्या. एक दिवस सांगायला लागल्या, "दादा, साखर लय खाली आली. सिस्टर म्हनली, मावशी, तुमाला तर बक्षीस द्याला पायजे." मी म्हटलं, वा. खुडलेले शेंडे टोपलीत जमतात आणि संध्याकाळी खताच्या खड्ड्यात जातात. त्या सुमारास माझ्या लक्षात आलं होतं की मावशींच्या टोपलीत शेवंतीचे शेंडे असतात, झेंडूचे असतात, सदाफुलीचे नसतात. त्या पदराच्या गाठीत जातात हेही मी पाहिलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं मी लिहिणार होतो. पण ते खोटं होईल. मला तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

त्या ऑक्टोबरात मावशी कुंडीमातीच्या ढिगाजवळ बसल्या होत्या, तिथेच कलंडल्या. अंग घामाने थबथबलेलं, बोलणं जड. त्याआधी आठवडाभर उलट्या होत होत्या, ताप होता, तरी कामावर येत होत्या. मी टेम्पोत घालून त्यांना तळेगावच्या एका दवाखान्यात नेलं. त्यांची मुलगी सुनीता कंपनीच्या कँटीनमधून तशीच, डोक्याची जाळी न काढता आली. सलाईनमधून साखर देऊनही पुन्हा पुन्हा खाली जात होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी झाल्या होत्या. तरुण डॉक्टरबाईंना दोन गोष्टींचा मेळ लागत नव्हता.

"गोळ्यांशिवाय आणखी काही घेत होत्या का? झाडपाला, काढा, कुणी सांगितलेलं औषध?"

सुनीता म्हणाली, "नाही हो. आमची आई कुणाचं ऐकत नाही."

मी तिथेच उभा होतो, हाताच्या अंतरावर. आणि मी गप्प राहिलो.

घरी जाताना मी नर्सरीत थांबलो. दुसरा कुणी असता तर दवाखान्यात फोन केला असता. मी आधी पाटी काढली. कुंडीतून उपटली, शेडमागे नेली आणि खताच्या खड्ड्यात पालापाचोळ्याखाली सारली. मग घरी जाऊन जेवलो. बायकोने विचारलं, मावशी कशा आहेत, तर म्हटलं, डॉक्टर बघतायत. मनात हिशेब चालू होता: पाल्याने एवढं होत नसेल, वय झालंय, पोलीस केस झाली तर, पाटी लावली म्हणून कुणी खा म्हटलं होतं का. माणूस स्वतःची वकिली किती चांगली करतो हे मला त्या दिवशी कळलं. एक पैसा फी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सरी उघडली तर पहिलंच गिऱ्हाईक, कामशेतचा एक तरुण, मोटरसायकलवरून न उतरता म्हणाला, "काका, लोमाकीरा आहे का? आईसाठी पाहिजे."

मी विचारलं, "काय?"

"लोमाकीरा. शुगरवर असते ती. आमच्या आळीत चार घरी आहे."

मी बाटलीवरून बनवलेला शब्द तो असा म्हणत होता की जणू त्याच्या आजीने शिकवलेला. मी त्याला म्हटलं, "तसलं काही झाड नसतं. आईला गोळ्या वेळेवर द्या." "संपली असेल तर तसं सांगा की," तो म्हणाला आणि किक मारून गेला. मी फाटक लावलं आणि तळेगावला गेलो.

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. किती पानं, किती महिने, गोळ्यांबरोबर का. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. त्यांनी संगणकावर काहीतरी शोधलं, वाचलं, औषधं बदलायला सांगितली आणि मग मान वर न करता विचारलं, "हे काल माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सुनीता मात्र बोलली, अगदी हळू आवाजात. "काका, आमच्या आईला अक्षर येत नाही. ती डॉक्टरची चिठ्ठीही माझ्याकडून दोनदा वाचून घेते, मी चुकीचं वाचत असेन म्हणून. तुमची पाटी तिने एकदाही वाचून घेतली नाही."

तीन दिवसांनी साखर ठिकाणावर आली. पेशी वाढायला मात्र वेळ लागला. मावशी उशीला टेकून बसायला लागल्या तेव्हा मी मोसंबी घेऊन गेलो, जशी काही मोसंब्याने भरपाई होणार होती.

"मावशी, ते नाव मी बनवलं होतं."

"कंचं नाव?"

"लोमाकीरा. तिकडं त्याला काय म्हणतात, मला माहीत नाही."

"आन् साखर उतरती ते?"

"लोक म्हणतात तसं. मी ते नावात घातलं."

मावशींनी मला अठरा वर्षांत पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

"लोक म्हनत्यात, तर लोक म्हनत्यात म्हनून लिवायचं हुतंस. मी खाल्लं नसतं. लोक काय बी म्हनत्यात. पर येखाद्या गावानं नाव ठिवलंय म्हंजी तितं कुनीतरी आदी खाऊन बगितलेलं आसतं. म्हनून खाल्लं मी."

फुलांच्या नावांची एवढी वही भरली, पण नाव म्हणजे काय याची इतकी सरळ व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती. मी मान खाली घालून बसलो. मावशी म्हणाल्या, "आता रडू नगंस. मी बी बनवलीत."

"काय बनवलीत?"

"नावं. तू रोज इचारायचास, मावशी तुमच्याकडं ह्याला काय म्हनत्यात. आमच्याकडं निम्म्या झाडांना झाडच म्हनत्यात. पर तू वही उगडून बसायचास. मग वाईट वाटायचं."

"नवरीची टिकली?"

"ती बी."

"आणखी कुठली?"

"आता मला तरी कुटं आठवतंय."

त्या वहीवरून एक विद्यार्थिनी मावळातल्या झाडांच्या स्थानिक नावांची यादी करून घेऊन गेली होती. मी ते मावशींना सांगितलं. त्या हसल्या, हसताना सलाईनची नळी हलली, सुनीताने दोघांनाही गप्प केलं. "माझी नावं नुस्ती दिसन्यावरनं ठिवल्याली हुती," मावशी म्हणाल्या. "टिकली म्हनल्यानं कोन मरत न्हाई."

आणि मग त्यांनी मला कामाला लावलं. ज्यांना ज्यांना ती पाटी वाचून रोपं दिली, त्यांच्या दारात जाऊन खरं सांगायचं. मी म्हटलं, फोन करतो. "पाटी फोनवर वाचलीतीस का?" त्या बऱ्या झाल्यावर स्वतः बरोबर येणार होत्या, कारण मी मधल्या मधे चहा पिऊन परत येईन अशी त्यांना खात्री होती.

पूर्ण बऱ्या त्या झालेल्या नाहीत, हे इथे सांगायला हवं. बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, मग टोकं बधिर झाली. डॉक्टर म्हणतात हे पाल्यामुळेच, संवेदना हळूहळू परत येईल, कदाचित सगळी येणार नाही. आता त्या शेंडे डोळ्यांनी बघून खुडतात. शंभराच्या जागी तीस होतात, आणि मधूनच पान फाटलं की त्या ते बाजूला ठेवून देतात, मला दिसू नये म्हणून.

थंडीत आम्ही टेम्पो घेऊन निघालो. कुठल्या बंगल्यात काय लावलंय ते माझ्या डोक्यात असतं. निम्म्या घरी काही सांगायची गरजच पडली नाही, लोणावळ्याच्या पावसाने रोपं आधीच मारली होती. वर्षानुवर्षं ज्या पावसाच्या जोरावर मी गिऱ्हाइकांना पुन्हा पुन्हा तेच विकलं, त्यानेच माझं अर्धं पाप धुऊन काढलं होतं. काही घरी लोक म्हणाले, आम्ही रंगासाठी घेतली होती. भांगरवाडीत एका बाईंनी दार अर्धंच उघडून ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही खोटं बोलता हे सांगायला आलात? ते आम्हाला माहीत होतं."

खंडाळ्याला दरीच्या बाजूला एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांचा बंगला आहे. त्यांना सबनीससाहेब म्हणूया. त्यांनी दोन वाफे भरून सदाफुली लावली होती, वरून पत्रे टाकून पावसापासून सांभाळली होती. मी सगळं सांगितलं. पाटी, बाटली, मावशी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुम्हाला कुणी धमकावलंय का?"

"नाही साहेब. तो शब्दच खोटा आहे."

"शक्य नाही." ते आतून एक फाइल घेऊन आले. रोजच्या साखरेचा आलेख, रंगीत पेन्सिलीने. मागच्या पानांवर लोमाकीरा या शब्दाची फोड. लोम म्हणजे केस, हे संस्कृत. कीर म्हणजे पोपट, हेही संस्कृत. पोपटाच्या पिसासारखी मऊ पानं असलेली ती लोमकीरा. यावरून आपले लोक प्राचीन काळी मादागास्करला गेले होते हे उघड आहे. ज्येष्ठ नागरिक संघात त्यांनी यावर पाऊण तास व्याख्यान दिलं होतं.

"साहेब, मी तो कीटकनाशकाच्या बाटलीवरून बनवला."

"तुम्हाला असं वाटतं. शब्द असा कुणी बनवू शकत नाही. तो तुमच्या तोंडून आला, एवढंच." आणि मग जरा कणव येऊन म्हणाले, "खोटं तुम्ही आत्ता बोलताय. गोळ्यांच्या कंपन्या काय काय करतात, मला कल्पना आहे."

त्या शब्दाच्या जन्माला मी एकटा साक्षीदार होतो आणि माझी साक्ष फेटाळली गेली होती. मी आणखी काही बोलणार एवढ्यात सबनीससाहेब माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "अहो, अहो बाई, काय करताय?"

मावशी वाफ्यात बसल्या होत्या. कुणाला न विचारता एकेक रोप बुडाशी धरून, मूळ झटकून, बाजूला रचत होत्या. चार-पाच झालीही होती.

"बाई, ते माझं औषध आहे."

"माझं बी हुतं," मावशी म्हणाल्या आणि पुढचं रोप उपटलं.

"तुम्ही जास्त खाल्लं असेल. प्रमाण असतं."

"आसंल." त्यांनी हातावरची माती झटकली, पालथे हात गुडघ्यांवर ठेवले आणि साहेबांकडे नीट बघितलं. "सायेब, रोज सकाळी शर्टाची बटनं तुमची तुमी लावता का?"

सबनीससाहेबांनी स्वतःच्या छातीकडे बघितलं. अंगात बटणाचा शर्ट होता, गळ्यापर्यंत नीट लावलेला. आतून त्यांच्या मिसेस दारात आल्या होत्या. त्यांनी उत्तर दिलं. "गणपतीपासून मीच लावते. म्हणतात, थंडीने बोटं आखडतात. गणपतीत कुठली थंडी?"

साहेब फाइल घेऊन पायरीवर बसले. मावशी वाफ्यातून उठल्या, गुडघ्यांवर हात टेकून, आणि त्यांच्या शेजारी, एक पायरी खाली बसल्या. म्हणाल्या, "द्या हिकडं." साहेबांनी हात पुढे केला, शाळेत छडीसाठी करतात तसा. मावशींनी पदराची पिन काढली. मग थांबल्या. स्वतःच्या बोटांत ती पिन नीट धरली गेलीये की नाही हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"डोळं मिटा," त्या म्हणाल्या.

साहेबांना न्यायचं म्हणून मी टेम्पो फाटकाशी आणायला गेलो; तळेगावच्या त्या डॉक्टरबाई दुपारी चारपर्यंत बसतात. गाडी वळवताना मागून मावशींचा आवाज येत होता.

"हितं कळतंय? हितं? आन् हितं?"